गोल कोणी मारायचा, ते आधी ठरवा

पाच सामने, दोन गोल, दोन गुण.

2027 च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारतीय पुरुष फुटबॉल संघाची नोव्हेंबर 2025 पर्यंतची कमाई एवढीच. गटात सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेश. सोडत निघाली तेव्हा चौघांत वरचं मानांकन आपलं होतं. त्या वेळी गुणतक्त्यात आपण चौथे होतो आणि गटात पाचवा संघ नव्हता. सिंगापूर 11 गुणांसह सौदी अरेबियाला जाणार. आपण घरी बसून बघणार.

त्याच नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला 1-0 असं हरवलं. शेख मोरसालिनने अकराव्या मिनिटाला गोल केला. त्यानंतर जवळजवळ ऐंशी मिनिटं शिल्लक होती, आणि एक गोल फेडायला ती आपल्याला पुरली नाहीत. याआधी बांगलादेशाकडून आपण 2003 मध्ये हरलो होतो. मधली बावीस वर्षं कशीबशी राखलेली ही पाटीही आता पुसली गेली.

लोक चिडलेत. चिडायलाच हवं.

काही जाणकार सांगतात, भारतीय प्रेक्षकाच्या अपेक्षाच अवाजवी आहेत. कुठल्या अपेक्षा? विश्वचषक कुणी मागितलेला नाही. शिलाँगमध्ये, आपल्याच मैदानावर, बांगलादेशाविरुद्ध एक गोल मागितला होता. मार्च 2025 मधला तो सामना 0-0 सुटला. मग जूनमध्ये हाँगकाँगविरुद्ध एक गोल मागितला होता. काई टाकच्या नव्या स्टेडियममध्ये पहिल्या अर्धात लिस्टन कुलासोने आयता चेंडू पुढ्यात आणून दिला आणि आशिक कुरुनियनने तो बाहेर मारला. भरपाई वेळेत पेनल्टी गेली, स्टेफान परेराने ती साधली, आणि खेळ संपला. त्या एका फटक्यासाठी मी आशिकला फासावर द्यायला तयार नाही. संधी जगातला प्रत्येक आघाडीवीर घालवतो. पण ज्या संघाला नव्वद मिनिटांत तशी एखादीच संधी निर्माण करता येते, त्या संघात ती घालवणाऱ्याच्या वाट्याला सगळ्या देशाच्या शिव्या येतात. हा त्या पोरावरचा अन्याय आहे, आणि तो करणारे मैदानाबाहेर बसलेले आहेत.

मैदानावर दिसतं ते असं. चेंडू एका सेंटर बॅककडून दुसऱ्याकडे जातो. तिथून लेफ्ट बॅककडे, आणि परत सेंटर बॅककडे. समोरचा संघ तोवर निवांत आपापल्या जागा धरतो. मग कुणीतरी वैतागून उंच लांब फटका मारतो, किंवा विंगर रेषेपर्यंत धावतो आणि क्रॉस टाकतो. बॉक्समध्ये निळी जर्सी एकच, आणि तिला दोन बचावपटू चिकटलेले. जवळच्या खांबाकडे दुसरा माणूस का धावत नाही? अर्धवट परतवलेल्या चेंडूसाठी मधल्या फळीतला एखादा तरी बॉक्सच्या तोंडाशी का थांबत नाही? यात फार मोठी विद्या नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला कुठल्याही पेठेतला माणूस हेच ओरडून सांगतो, आणि तो बरोबर सांगतो.

आता आधीच्या वर्षाचा हिशेब. 2024 मध्ये भारत अकरा सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. अकरा सामन्यांत गोल झाले चार. त्यातला एक सुनील छेत्रीची पेनल्टी, तोही गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून 1-2 हरताना. एक मलेशियाविरुद्ध, बचावपटू राहुल भेकेचा, कॉर्नरवरून डोक्याने. एक लालियानझुआला छांगतेचा, एक फारुख चौधरीचा. बस्स. आशियाई चषकाच्या तीन सामन्यांत त्या वर्षी एकही गोल नाही: ऑस्ट्रेलियाकडून 0-2, उझबेकिस्तानकडून 0-3, सीरियाकडून 0-1. तोच उझबेकिस्तान पुढे 2026 च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला.

2025 चं चित्र बघा. मार्चमध्ये मालदीवला 3-0 हरवलं तेव्हा गोल कुणी केले? भेके, कुलासो, आणि निवृत्तीतून परत बोलावलेला छेत्री. ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानला 2-1 हरवलं तेव्हा? अन्वर अली आणि संदेश झिंगन, दोघेही सेंटर बॅक. कॉर्नर आणि फ्री किकवर उंच बचावपटूंनी पुढे येऊन डोकं लावायचं, हीच आपली सगळ्यात भरवशाची आक्रमणाची योजना झाली आहे. बचावपटू गोल करतात याचा आनंद आहे. आघाडीवीर करत नाहीत हे मात्र भीषण आहे.

सिंगापुरात ऑक्टोबरमध्ये रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला. तो त्याच्या धावण्याचा आणि न थकण्याचा गोल होता, शाबासकी त्यालाच. पण चेंडू आपल्या रचनेतून नाही, सिंगापूरच्या चुकलेल्या बॅकपासवरून त्याच्यापर्यंत आला होता. पाच सामन्यांतल्या दोन गोलांपैकी हा एक. दुसरा छांगतेचा, फातोर्ड्यात, चौदाव्या मिनिटाला, बॉक्सच्या बाहेरून डाव्या पायाने मारलेला. सुरेख गोल. तोही एकट्या माणसाच्या पायातून आलेला. संघाने चार-पाच पास जोडून, बचाव फोडून, गोलपुढे माणूस मोकळा करून केलेला गोल या पाच सामन्यांत मला सापडत नाही.

फातोर्ड्याबद्दल थांबून बोलायला हवं, कारण तो पराभव आपल्या अंगणात झाला. मडगावच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, 14 ऑक्टोबरला. गोव्याने या देशाला ब्रह्मानंद शंखवाळकर दिला, ब्रुनो कुतिन्हो दिला. तिथल्या माणसाला फुटबॉल कळतो, त्याला थापा मारता येत नाहीत. छांगतेने आघाडी मिळवून दिली. समोरचा संघ हादरलेला असताना दुसरा गोल मागायचा असतो. आपण काय केलं? पाय मागे घेतले. मध्यंतराच्या तोंडावर, चव्वेचाळीसाव्या मिनिटाला, साँग उई-यंगने बरोबरी केली. अठ्ठावन्नाव्याला त्यानेच दुसरा मारला. पुढच्या अर्ध्या तासात, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, स्पर्धेतलं अस्तित्व पणाला लागलेलं असताना, सिंगापूरच्या गोलरक्षकाला सतत धाक बसेल असं आपल्या हातून काही झालं नाही. आशियाई चषकाचं दार तिथेच बंद झालं. ढाका ही नंतरची शोभा.

मग प्रशिक्षकाला काढा?

काढून झालं की. इगोर स्टिमॅच 2019 पासून पाच वर्षं होते. 2023 मध्ये त्यांनी इंफाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरू इथे तीन स्पर्धा जिंकून दिल्या, संघ मानांकनात 99 व्या स्थानावर आला, आणि आपण सगळे हरखून गेलो. तिन्ही स्पर्धा घरच्या मैदानावर होत्या, याचा विचार तेव्हा कमी झाला. त्यांच्याच काळात, 2022 च्या पात्रता सामन्यांआधी, संघाची यादी एका ज्योतिषाला दाखवली गेल्याची बातमी पुढच्या वर्षी छापून आली. ज्या देशाच्या संघनिवडीत ग्रहताऱ्यांचं नाव निघतं, त्या देशात डावपेचांवर बोलणाऱ्या प्रेक्षकाला कुणी अडाणी म्हणू नये. जून 2024 मध्ये स्टिमॅच गेले. दोहात विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात कतारने केलेला एक गोल चेंडू रेषेबाहेर जाऊन आल्यावरचा होता, आणि त्या सामन्यातला अन्याय खरा होता. पण आपण त्या सामन्यापर्यंत एवढे अडकून पोचलो कसे? अफगाणिस्तानविरुद्धच्या दोन सामन्यांत मिळून एकच गुण मिळवल्यामुळे. आधी आभामध्ये 0-0, मग गुवाहाटीत पराभव.

त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले. चांगला प्रशिक्षक, यात वाद नाही. अडचण अशी, की ते त्याच वेळी एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. राष्ट्रीय संघाची जबाबदारी आणि क्लबची नोकरी एकाच माणसाकडे, एकाच हंगामात! अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला यात काही वावगं वाटलं नाही. निकाल काय लागला? गोव्याने त्यांच्या हाताखाली सुपर कप जिंकला, अंतिम सामन्यात 3-0 असा. भारत त्यांच्या हाताखाली आठ सामने खेळला आणि एक जिंकला. माणूस तोच, डोकं तेच. फरक हा, की क्लबमध्ये त्यांच्याकडे परदेशी आघाडीवीर होते आणि राष्ट्रीय संघात नव्हते.

आणि आता खालिद जमील. मुंबईच्या मैदानांवर घडलेला माणूस. महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मुंबई एफसीला त्याने वर्षानुवर्षं तुटपुंज्या साधनांवर वरच्या साखळीत टिकवलं, आणि 2017 मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. 2012 मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा पायउतार झाल्यानंतर राष्ट्रीय संघाची पूर्णवेळ सूत्रं हाती आलेला तो पहिलाच भारतीय. मला त्याच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. खालिदचा फुटबॉल आधी गोल न खाण्याचा आहे. मोठ्या संघासमोर तो उपयोगी पडतो. ओमानला पेनल्टींवर हरवून आपण मध्य आशियाई स्पर्धेत तिसरे आलो ते त्याच बळावर. सिंगापूर आणि बांगलादेश यांच्यासमोर तो पुरत नाही. तिथे चेंडू आपल्याकडे राहतो आणि त्याचं काय करायचं याचं उत्तर खालिदच्या वहीत अजून दिसलेलं नाही. ते त्याला शोधावं लागेल. जमत नसेल, तर केवळ आक्रमण शिकवणारा साहाय्यक त्याने मागून घ्यावा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

पण खालिदच्या बाजूनेही दोन गोष्टी लिहिल्या पाहिजेत. त्याने शिबिर लावलं तेव्हा क्लबांनी खेळाडू सोडले नाहीत. सिंगापूरच्या सामन्यांआधी बंगळुरूला बोलावलेल्यांतले कितीतरी जण वेळेवर पोचलेच नाहीत. आणि जे आले ते कुठून आले? 2025 च्या वसंतात हंगाम संपला, तेव्हापासून देशातली वरची साखळीच बंद होती. साखळीचे सामने न खेळलेल्या पायांकडून तो गोल मागत होता.

साखळी का बंद पडली, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण गोलच्या दुष्काळाचं मूळ तिथे आहे. महासंघाने 2010 मध्ये आयएमजी-रिलायन्सबरोबर पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला. तेव्हा अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचे प्रफुल्ल पटेल. पंधरा वर्षांचा करार पंधरा वर्षांनी संपतो. 8 डिसेंबर 2025 ही तारीख कुणापासून लपलेली नव्हती. पटेल 2022 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गेले, कल्याण चौबे आले, मधेच फिफाने अकरा दिवस देशावर बंदी घातली, 2047 पर्यंत आशियातल्या पहिल्या चार संघांत पोचण्याचा आराखडा छापून झाला. 2025 नंतर साखळी कोण चालवणार, हे मात्र ठरलं नाही. जुलै 2025 मध्ये स्पर्धा थांबवल्याचं जाहीर झालं. नोव्हेंबरमध्ये नव्या निविदेची मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. एकही नाही. बावीस वर्षं मागे जायची आणि बावीस वर्षं पुढची स्वप्नं दाखवायची, हे एकाच वेळी करणारी दुसरी क्रीडा संघटना मला माहीत नाही.

पण साखळी सुरू असतानाही आघाडीवीर घडत नव्हते, हे खरं दुखणं. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून 2025 पर्यंत सर्वाधिक गोलांचा मान एकाही हंगामात भारतीय खेळाडूला मिळाला नाही. 2024-25 च्या हंगामात नॉर्थईस्टच्या अलाएद्दीन अजाराईने 23 गोल केले. भारतीयांत पहिला कोण? सुनील छेत्री, 14 गोल, वय चाळीस. त्याच्या मागे गोव्याचा ब्रायसन फर्नांडिस 7 गोलांवर, आणि त्याच्या मागे मोहन बागानचा शुभाशिष बोस 6 गोलांवर. शुभाशिष लेफ्ट बॅक आहे.

कारण सरळ आहे. मैदानावर चार परदेशी खेळवता येतात, आणि कुठल्याही क्लबचा पहिला परदेशी पैसा नऊ नंबरवर, म्हणजे गोलसमोरच्या आघाडीवीरावर जातो. क्लबच्या प्रशिक्षकाचं मी समजू शकतो. पुढचे पाच सामने हरला तर त्याची नोकरी जाते, तो वीस वर्षांच्या पोराला गोलपुढे शिकायला का उभा करेल? मग तो पोरगा उजव्या बाजूला जातो, डाव्या बाजूला जातो, विंग-बॅक होतो, नाहीतर बाकावर बसतो. मनवीर सिंगचं उदाहरण घ्या. मोहन बागानसाठी तो उजव्या विंगवर धावतो, कारण मधे मॅक्लॅरेन, कमिंग्ज, पेत्रातोस असे परदेशी. राष्ट्रीय शिबिरात आला की त्याला सांगतात, तू मधे उभा राहा, गोलकडे पाठ करून चेंडू धर, वळ आणि मार. वर्षभर जे काम त्याने केलं नाही ते दहा दिवसांत त्याच्याकडून मागायचं आणि नाही जमलं की त्याच्या नावाने बोटं मोडायची. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीवर खेळला. शहराने त्याला डोक्यावर घेतलं होतं. पुढच्या वर्षांत त्याला एका जागी, गोलसमोर, दोन हंगाम सलग कुणी खेळवलं असतं तर तो काय झाला असता, हा प्रश्न मला आजही सतावतो. कोल्हापूरच्या तालमींच्या संघांतून अजूनही पोरं येतात, त्यांना गोल मारायचा असतो. वर गेल्यावर ती सवय मोडली जाते.

याला कुणी प्रकृती म्हणू नये. भारतीय शरीराला गोल मारता येत नाही असं काही नाही. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, ऑस्ट्रेलियात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझाने तीन गोल मारले. भारत 4-2 जिंकला आणि उपांत्य फेरीत गेला. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत नेव्हिलचं नाव बरोबरीने पहिलं होतं. मूळ गोव्याचा, खेळला मुंबईत. त्याच ऑस्ट्रेलियासमोर आपण जानेवारी 2024 मध्ये नव्वद मिनिटं स्वतःच्या बॉक्समध्ये दाटी करून उभे राहिलो आणि 0-2 हरलो, आणि त्याचं कौतुक झालं.

इतकं मागे जायची गरजही नाही. 2025 मध्येच, जूनच्या शेवटी आणि जुलैच्या सुरुवातीला, भारताच्या महिला संघाने थायलंडमध्ये आशियाई चषकाची पात्रता फेरी खेळली. मंगोलिया 13-0, तिमोर-लेस्ते 4-0, इराक 5-0, आणि शेवटी यजमान थायलंड 2-1, तेही थायलंडच्या मैदानावर, संगीता बासफोरच्या दोन गोलांनी. चार सामन्यांत 24 गोल. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत जाण्याची भारताची ही पहिली वेळ. महासंघ तोच, झेंडा तोच, तेव्हाचा प्रशिक्षक भारतीय, क्रिस्पिन छेत्री. यांना मिळणारे पैसे, सामने, प्रसिद्धी पुरुषांच्या पासंगाला नाहीत. तरी या मुली गोलसमोर गेल्या की मारतात, कारण आपल्या क्लबांत त्या गोलसमोरच खेळतात. 

पुरुषांसाठी 2025 मध्ये एक वेगळा उपाय चर्चेत आला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तिथलं नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. त्याची आई मुंबईत जन्मलेली; आजोबा लिंकन ग्रोस्टेट मुंबईकडून संतोष करंडक खेळलेले. ढाक्याला तो संघाबरोबर होता, पण ऑस्ट्रेलियाचा ना-हरकत दाखला वेळेत आला नाही म्हणून मैदानात उतरू शकला नाही. त्याचं मनापासून स्वागत. आपला देश निवडण्यासाठी दुसरा सोडायला धैर्य लागतं. बांगलादेशाने लेस्टरच्या हमझा चौधरीला आणलं, सिंगापूरचा साँग मूळचा कोरियाचा. आपणही दार उघडावं. पण विल्यम्स तेव्हाच बत्तीस वर्षांचा होता, आणि तोही विंगवरच खेळतो. मधल्या जागेचं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि प्रेक्षक? 2018 च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, भारताने चिनी तैपेईला 5-0 हरवलं. छेत्रीने तीन गोल केले. स्टँडमध्ये अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. त्याने हात जोडून एक व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. त्या सामन्यानंतर तीन दिवसांनी केनियाविरुद्ध, भर पावसात, तेच मैदान ओसंडून वाहिलं. मुंबईच्या लोकांनी शब्द पाळला. त्यानंतर ब्लू पिलग्रिम्स या चाहत्यांच्या गटाची मंडळी शिलाँगला गेली, दोहाला गेली, ढोल घेऊन, स्वतःच्या खिशातून. खेळाडूने बोलावलं आणि प्रेक्षक आला. 2025 मध्ये त्याला सात वर्षं झाली. आता प्रेक्षक बोलावतो आहे, आणि समोरून कुणी येत नाही.

म्हणून जेव्हा एखादा पदाधिकारी सांगतो की चाहत्यांनी धीर धरावा, तेव्हा मला संताप येतो. धीर धरायला समोर काहीतरी वाढताना दिसावं लागतं. मानांकनात 2023 मधल्या 99 वरून 2025 मध्ये 142 वर आलेल्या संघाच्या चाहत्याने कशाकडे बघून धीर धरायचा? छेत्री 2024 च्या जूनमध्ये कोलकात्यात निवृत्त झाला. नऊ महिन्यांत त्याला परत आणावं लागलं, खालिदने ऑक्टोबर 2025 मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा बोलावलं, आणि आता तो पुन्हा थांबला आहे. 95 गोल करून. त्याच्या वीस वर्षांत त्याच्या जागी एक माणूस तयार करायला कुणाला फुरसत झाली नाही. हे प्रशिक्षकाचं अपयश मानायचं? त्या वीस वर्षांत किती प्रशिक्षक आले आणि गेले. टिकून राहिले ते कार्यालयातले लोक.

मला काय हवं ते सांगतो.  साखळीत मैदानावरचे परदेशी चारावरून तीनवर आणावेत. क्लब ओरडतील, ओरडू द्यावं. राष्ट्रीय शिबिराच्या तारखा हंगामाच्या आधी करारात लिहाव्यात आणि न पाळणाऱ्या क्लबला दंड करावा. मानधनाचा मोठा आकडा मुख्य प्रशिक्षकावर घालवण्याआधी आघाडीवीरांना रोज, गोलसमोर, शिकवणारा एक माणूस नेमावा. 1962 ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब नव्या पोरांना मोठ्या सामन्यात उतरवायला घाबरत नसत. त्यांचं नाव प्रत्येक भाषणात घेतलं जातं. नाव घेणं थांबवून तेवढं एक काम करावं.

  हरलो तरी काही बिघडणार नाही आणि जिंकलो तरी काही मिळणार नाही, असा एखादा सामना आपल्याला कधीतरी मिळतोच. सुहेल भट आहे, पार्थिब गोगोई आहे, इरफान यादवाड आहे. खालिदभाई, यातला एक निवडा आणि त्याला सामन्याच्या आदल्या आठवड्यात नाही, आजच सांगा, की त्या दिवशी नऊ नंबर तुझा. त्याच्या क्लबलाही सांगा. साठाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढू नका. पहिली संधी तो बाहेर मारेल, कदाचित दुसरीही. तिसरी येईल तेव्हा तो मैदानावर असू द्या.